संपाच्या भीतीने यॉर्क विद्यापीठ नाकारावं का?

नाशिकहून एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बारावी झाली आहे, तिला मानसशास्त्र शिकायचं आहे. टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठाची ऑफर आली आहे, आणि ऑन्टारिओ प्रांतातल्याच एका लहान विद्यापीठाचीही. टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला राहणारा मावसभाऊ म्हणतो, "यॉर्कला दर तीन वर्षांनी संप होतो, नाव गेलंय त्याचं, पोरीचं वर्ष वाया जाईल." वडील विचारतात, संपामुळे खरंच वर्ष जातं का, डिग्रीची किंमत कमी होते का, आणि एवढ्यावरून ऑफर सोडावी का?

आधी उत्तर सांगते. फक्त संपासाठी ऑफर सोडू नका. संपाने सहसा वर्ष जात नाही, पण काही आठवडे किंवा महिने जाऊ शकतात आणि त्याबरोबर पैसेही. नावाचं म्हणाल, तर टोरोंटोच्या घराघरांत यॉर्कचं नाव उतरलं आहे हे खरं आहे. नोकरी देणारे किंवा पुढे एमएला प्रवेश देणारे प्राध्यापक मात्र संपाचा विचार जवळजवळ करत नाहीत. पण नाव उतरल्याचा आणखी एक परिणाम होतो, त्याकडे तुमच्या मावसभावांचं लक्ष गेलेलं नाही. अर्ज घटले की विद्यापीठाची तिजोरी आटते, आणि मग अभ्यासक्रम बंद व्हायला लागतात. तुमच्या जागी मी असते तर संपापेक्षा याची चौकशी जास्त केली असती. परदेशी प्रवेशांचं मार्गदर्शन करताना हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तारखा पाहू. यॉर्कमध्ये २०००-०१ मध्ये सुमारे अडीच महिने संप चालला. २००८-०९ मध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेला संप ८५ दिवस चालला आणि प्रांतिक सरकारने खास कायदा करून तो जानेवारीअखेर थांबवला. मार्च २०१५ चा संप महिनाभरात मिटला. २०१८ चा सगळ्यात लांबला: ५ मार्चला सुरू झाला आणि जुलैच्या शेवटी, नव्या सरकारने कायदा केल्यावर, १४३ दिवसांनी संपला. कॅनडाच्या उच्चशिक्षणातला तो सर्वांत दीर्घ संप मानला जातो. त्यानंतर २०२४ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिलपर्यंत. म्हणजे "दर तीन वर्षांनी" हे बरोबर नाही. २००९ ते २०१५ आणि २०१८ ते २०२४ या दोन्ही मधल्या काळांत कराराची एकेक फेरी संपाशिवाय पार पडली. तरी एका विद्यापीठासाठी ही यादी लांबच आहे, आणि लोकांच्या लक्षात राहावी यात नवल नाही.

संपावर जातं कोण, हे आपल्याकडे फारसं कोणी विचारत नाही. यॉर्कमधल्या या पाचही संपांत होती ती क्यूपी ३९०३ ही संघटना. कंत्राटी प्राध्यापक, टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे सहायक शिक्षक) म्हणून शिकवणारे एमए-पीएचडीचे विद्यार्थी आणि संशोधन सहायक मिळून तिचे ३,००० च्या आसपास सभासद. कायम नोकरीतले प्राध्यापक वेगळ्या संघटनेत आहेत. कंत्राटी प्राध्यापक म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको; आपल्या कॉलेजांत सीएचबीवर, तासिकेच्या हिशोबाने शिकवणारी माणसं आपण रोज पाहतो. वर्षानुवर्षं तोच विषय शिकवायचा आणि दरवर्षी नव्याने अर्ज करायचा, हीच त्यांचीही तक्रार आहे. टीएंचं दुखणं टोरोंटोचं घरभाडं आणि तुटपुंजा भत्ता. २०१९ मध्ये ऑन्टारिओ सरकारने सार्वजनिक क्षेत्रातली वेतनवाढ तीन वर्षांसाठी वर्षाला १ टक्क्यावर बांधून टाकणारा कायदा केला होता. तो २०२२ मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, फेब्रुवारी २०२४ मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच म्हटलं, आणि त्याच महिन्यात यॉर्कचा संप सुरू झाला. मधल्या काळात महागाई कुठे गेली हे तुमचे मावसभाऊ जास्त चांगलं सांगतील.

तुमची मुलगी पहिल्या वर्षाला गेली तर मोठ्या वर्गातलं व्याख्यान ऐकेल, पण तिचा निबंध तपासणारा, ट्युटोरियलमध्ये तिला नावाने ओळखणारा माणूस बहुतेक वेळा टीए असेल. म्हणून संपाची झळ सगळ्यात आधी पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आणि कला-सामाजिकशास्त्रांच्या शाखांना बसते. शूलिक हे यॉर्कचं बिझनेस स्कूल आणि ऑस्गूड हॉल हे लॉ स्कूल तुलनेने सुटतात, कारण तिथे शिकवण्याचा भार टीएंवर कमी असतो. दोघांचं नावही यॉर्कच्या नावापासून वेगळं चालतं. "यॉर्कचं नाव गेलं" म्हणणारा माणूस शूलिकच्या एमबीएला नाव ठेवताना मी अजून पाहिलेला नाही.

संप अचानक होत नाही, आणि ही माहिती पालकांच्या फार कामाची आहे. ऑन्टारिओत असे करार साधारण तीन वर्षांचे असतात. करार संपला की वाटाघाटी, मग सरकारी समेटाचा प्रयत्न. तो फसला की कामगार खातं तसं पत्र देतं आणि त्यानंतर सतराव्या दिवसापासून संप कायदेशीर होतो. म्हणजे कॅम्पसवर राहणाऱ्याला काही आठवडे आधी चाहूल लागते. यातून साधा हिशोब निघतो: करार तीन वर्षांचा आणि डिग्री चार वर्षांची, तेव्हा तुमच्या मुलीच्या शिक्षणात कराराची निदान एक फेरी येणारच. वर्षा-दीड वर्षाच्या मास्टर्सला जाणारा विद्यार्थी दोन फेऱ्यांच्या मधून सहज निसटू शकतो. त्यामुळे एकच प्रश्न दोन पालकांनी विचारला तरी माझं उत्तर वेगळं असतं. सध्याचा करार कोणत्या महिन्यात संपतो हे संघटनेच्या आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर उघड असतं. ते आजच पाहा.

आता संपाच्या दिवसांत प्रत्यक्ष काय होतं ते. २००८-०९ मध्ये जवळपास सगळे वर्ग बंद पडले. जानेवारीअखेर वर्ग सुरू झाल्यावर राहिलेलं शिकवणं दाटीवाटीने उरकलं गेलं आणि शैक्षणिक वर्ष उन्हाळ्यात घुसलं. उन्हाळ्यातली नोकरी करून पुढच्या वर्षाची फी जमवणाऱ्या मुलांना तो फटका मोठा होता. २०१८ मध्ये विद्यापीठाने वेगळी वाट धरली. कॅम्पस उघडा ठेवला, ज्यांचे प्राध्यापक शिकवत होते ते वर्ग चालू राहिले, बाकीचे थांबले. त्यामुळे एकाच मुलीचे पाचपैकी तीन विषय चालू आणि दोन बंद, अशी अवस्था झाली. माझ्या मते हा प्रकार विद्यार्थ्याला जास्त छळतो. सगळं बंद असेल तर निदान घरी जाता येतं. अर्धवट चालू असेल तर खोलीचं भाडं भरत, पिकेट लाइनवरून (प्रवेशद्वारापाशी उभ्या संपकऱ्यांच्या रांगेतून) आत जावं की न जावं या पेचात बसून राहावं लागतं.

यॉर्कच्या सिनेटचं अशा प्रसंगांसाठी लेखी धोरण आहे, आणि इतके संप झाल्यामुळे ते बऱ्यापैकी तपशीलवार आहे. पिकेट लाइन ओलांडायची नसेल तर विद्यार्थ्याला शिक्षा करता येत नाही. राहिलेला अभ्यास मिळवण्याची वाजवी सोय आणि मुदतवाढ द्यावी लागते. २०१८ मध्ये याखेरीज तोवरच्या कामावरून ठरवलेली ग्रेड स्वीकारण्याचा, ग्रेडऐवजी फक्त 'पास' घेण्याचा, किंवा विषय सोडून त्याची फी पुढच्या विषयांसाठी जमा ठेवण्याचा पर्याय होता. इथे एक सूचना मनापासून करते. मानसशास्त्र घेतलेल्या मुलीने संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती या विषयांत 'पास'च्या मोहात पडू नये. चौथ्या वर्षाच्या ऑनर्स प्रबंधाला आणि पुढे एमए किंवा क्लिनिकलच्या प्रवेशाला याच विषयांची ग्रेड पाहिली जाते. दोन आठवडे जास्त बसून परीक्षा द्यावी लागली तरी ग्रेडच घ्यावी. संपाच्या थकव्यात, घरी जायच्या घाईत मुलं 'पास'वर खूण करतात आणि दोन वर्षांनी मला विचारतात की आता काय करता येईल. तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं.

पूर्ण फी परत मिळेल ही आशा ठेवू नका. २००८-०९ च्या संपानंतर विद्यार्थ्यांनी यॉर्कविरुद्ध सामूहिक दाव्याचा प्रयत्न केला होता. न्यायालयाने त्याला परवानगी दिली नाही. अभ्यासक्रम शेवटी पूर्ण झाला, श्रेयांक मिळाले, म्हणजे विद्यापीठाची बाजू भक्कम होते.

व्हिसाबद्दल पालक घाबरलेले असतात, पण खरा धोका ते समजतात तिथे नसतो. वर्ग संपाने थांबले तर तो दोष विद्यार्थ्याचा नाही. तरीही आपल्या बाजूने नोंदणी चालू ठेवायची, इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर जपून ठेवायचं, आणि संप चालू आहे म्हणून परस्पर विषय सोडून अर्धवेळ विद्यार्थी व्हायचं नाही. आणखी एक गोष्ट मुलं हमखास चुकतात. सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासांपर्यंतच काम करता येतं. पूर्णवेळ कामाची मुभा असते ती ठरलेल्या सुट्टीत, आणि संप म्हणजे ठरलेली सुट्टी नव्हे. वर्ग बंद आहेत म्हणून दुकानात दोन पाळ्या करणाऱ्या मुलाला संपापेक्षा मोठं नुकसान होऊ शकतं.

पैशाचा अंदाज असा धरा. राहण्याच्या खर्चासाठी कॅनडा सरकारला दाखवायची रक्कम २०२४ मध्ये १०,००० डॉलरवरून एकदम २०,६३५ डॉलर झाली आणि नंतर आणखी वाढली. यावरून वर्षाच्या खर्चाची कल्पना येईल. माझा आग्रह असतो की संपाचा इतिहास असलेल्या विद्यापीठात जाणाऱ्या घराने दोन ते तीन महिन्यांचा राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा बाजूला ठेवावा. एप्रिलअखेरचं परतीचं तिकीट बदलता येणारं घ्यावं. ही तजवीज होत नसेल, कर्जाचा हप्ता आणि फी यांत शेवटचा रुपयाही बांधलेला असेल, तर मात्र माझं मत बदलतं. अशा घराला मी वारंवार संप होणाऱ्या विद्यापीठापासून दूरच राहायला सांगते. याला भित्रेपणा म्हणू नका. त्या मुलाची पूर्ण टर्म पैशाच्या काळजीत जाते आणि त्याचा परिणाम ग्रेडवर दिसतो.

आता नावाबद्दल. ऑन्टारिओत बारावीनंतरचे अर्ज एका सामाईक केंद्रातून जातात आणि विद्यार्थी आपला पसंतीक्रम देतात, त्यामुळे कोणत्या विद्यापीठाला पहिली पसंती किती मिळाली हे दरवर्षी कळतं. २००८-०९ च्या संपानंतर यॉर्कला पहिली पसंती देणारे घटले आणि त्याच्या बातम्याही झाल्या. संप जानेवारीत चालू होता आणि अर्जाची मुदतही जानेवारीतच. यापेक्षा वाईट मुहूर्त विद्यापीठाला मिळाला नसता. संपाचा घाव बसतो तो अजून उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यावर. आत आलेला फारसा हलत नाही.

आत आलेल्यांचा ठळक दाखला २०१७ चा आहे. त्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यापासून पाच आठवडे ऑन्टारिओतल्या सगळ्या २४ सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत शिक्षकांचा संप झाला. विद्यापीठं नव्हेत, कॉलेजं. आपल्याकडून डिप्लोमाला जाणारी बरीच मुलं याच कॉलेजांत असतात. संप मिटल्यावर सरकारने सांगितलं की ज्यांना सोडायचं आहे त्यांना या सत्राची पूर्ण फी परत मिळेल. २५,००० हून अधिक मुलांनी ते स्वीकारलं, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्यांपैकी साधारण दहातला एक. पाच आठवडे गेले, पुढे दाटीवाटीचं वेळापत्रक दिसत होतं, पूर्ण पैसे परत मिळत होते, आणि तरीही दहापैकी नऊ जण राहिले. घर लावलेलं, मित्र झालेले, निम्मा अभ्यास झालेला. तिथून माणूस उठत नाही. म्हणून आज जे विद्यार्थी यॉर्कमध्ये आहेत ते "आम्ही तर ठीक आहोत" म्हणतात, आणि बाहेरचा मावसभाऊ "नाव गेलंय" म्हणतो. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

उंबऱ्यावरून वळतात तेही सगळे सारखे नसतात. ज्यांना चांगले गुण आहेत, चार ऑफर आहेत, ते आधी वळतात. घरून बस-मेट्रोने येणाऱ्यांना पर्याय कमी, ते राहतात. यॉर्क मुळात रोज ये-जा करणाऱ्यांचं विद्यापीठ आहे आणि २०१७ च्या डिसेंबरपासून तर मेट्रो थेट कॅम्पसात जाते. स्थानिक मुलांची अशी जी जागा मोकळी होते ती भरून काढायला विद्यापीठं बाहेर पाहतात. नाशिक, लुधियाना, लागोस इथल्या पालकांनी टोरोंटोची वर्तमानपत्रं वाचलेली नसतात. त्यांना माहिती देणारा एजंट बहुतेक वेळा विद्यापीठाकडूनच कमिशन घेत असतो आणि तो संपाचा विषय स्वतःहून काढत नाही. माझ्या क्षेत्रातली ही गोष्ट मला मनापासून खटकते. लाखो रुपये घालणाऱ्या माणसाला तिथल्या शेजाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट ठाऊक नसावी हे न्याय्य नाही. तुमचे मावसभाऊ अतिशयोक्ती करत असतील, पण त्यांनी विषय काढला हे चांगलंच केलं.

पण शेजाऱ्यांच्या तोंडचं नाव एक आणि जागतिक क्रमवारीतलं नाव दुसरं. क्यूएस क्रमवारीत ३० टक्के वजन जगभरच्या प्राध्यापकांच्या मताला आहे आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मताला. मुंबईतला किंवा मेलबर्नमधला प्राध्यापक मत देताना मानसशास्त्रातलं संशोधन आठवतो. मार्चमध्ये ट्युटोरियल बंद होती की नाही याची त्याला खबरही नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहाही कॅम्पसांवर मिळून ४८,००० टीए, संशोधक आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) संपावर गेले, आणि तो संप जवळपास सहा आठवडे चालला. त्यातल्याच बर्कलीची ऑफर त्यासाठी सोडणारा विद्यार्थी माझ्या पाहण्यात नाही. नाव जितकं मोठं तितका संप पचतो. कॅनडातल्या क्वीन्ससारख्या मानाच्या विद्यापीठातही २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये टीए संपावर होते, पण "क्वीन्सला संप होतात" असं कोणी म्हणत नाही. यॉर्कच्या नशिबी ते आलं कारण संप पुन्हापुन्हा झाले आणि शेजारीच टोरोंटो विद्यापीठासारखा पर्याय होता.

पर्यायाचा हा मुद्दा ब्रिटनकडे पाहिलं की आणखी नीट कळतो. तिथे विद्यापीठ शिक्षकांची यूसीयू ही संघटना देशभर एकदम संप करते. २०१८ मध्ये पेन्शनवरून साठाहून अधिक विद्यापीठांत १४ दिवस संप झाला, पुढची वर्षंही धुमसत राहिली, आणि २०२३ मध्ये एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत १४५ विद्यापीठांत उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार होता. सगळीकडेच संप म्हटल्यावर लीड्स सोडून शेफील्डला जाण्यात अर्थ नाही, त्यामुळे एकट्या विद्यापीठाचं नाव उतरत नाही. पण विद्यार्थ्याचं नुकसान व्हायचं ते होतंच, आणि २०२३ चा बहिष्कार परदेशी मुलांना मोठ्या संपांपेक्षा जास्त झोंबला. अभ्यास पूर्ण झाला असं विद्यापीठाने कळवल्याशिवाय तिथला ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिक्षणानंतर राहून काम करण्याचा परवाना, मिळत नाही, आणि इथे गुणच लागलेले नव्हते. शेवटी ब्रिटिश गृहखात्याला या मुलांसाठी खास सवलत द्यावी लागली. तेव्हा संप किती दिवसांचा हे विचारण्याआधी तो वर्षाच्या कुठल्या टोकाला आणि कुठल्या कामावर आला हे विचारा. शेवटच्या वर्षाच्या निकालावर आलेले तीन आठवडे पहिल्या वर्षाच्या तीन महिन्यांना भारी पडू शकतात.

आपल्याकडचा अनुभव याच जातीचा आहे. २०१३ मध्ये एमफुक्टोने, म्हणजे महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांच्या महासंघाने, फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला. राज्यभर एकच स्थिती असल्याने विद्यार्थ्याने जायचं तरी कुठे? अशा वेळी पालकांचा कल हळूहळू स्वायत्त आणि खाजगी संस्थांकडे झुकतो, आणि सार्वजनिक विद्यापीठातून एकदा बाहेर पडलेला तो वर्ग परत येत नाही. दुसरीकडे २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात कोणताही संप नव्हता. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा निर्णय घाईने राबवला गेला, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. परदेशी प्रवेश हातात असलेल्या किती मुलांची त्या उन्हाळ्यात तारांबळ उडाली, हे आमच्या क्षेत्रातला प्रत्येक जण सांगेल. संप न होणारं विद्यापीठ म्हणजे सुरळीत विद्यापीठ, असं समीकरण मांडता येत नाही.

आता त्या तिजोरीकडे येते. ऑन्टारिओ सरकारने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कमी केली आणि ती पुढे गोठवली. विद्यापीठांनी ती खोट परदेशी विद्यार्थ्यांच्या फीतून भरली. डिसेंबर २०२३ मध्ये प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी यॉर्कवर स्वतंत्र अहवाल दिला. स्थानिक विद्यार्थ्यांची घट आणि परदेशी फीवरचं अवलंबन या दोन्हींवर त्यात बोट ठेवलं होतं. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि २०२४ साठी एकूण परवाने सुमारे ३५ टक्क्यांनी कमी केले. ऑन्टारिओला याचा सर्वांत मोठा फटका बसला. फेब्रुवारी २०२५ मध्ये यॉर्कने १८ पदवी अभ्यासक्रमांचे नवे प्रवेश थांबवले. त्यांत भाषा, संस्कृती आणि मानव्यविद्यांचे विषय बरेच होते. तुमच्या मुलीचं मानसशास्त्र त्यात नाही, आणि तो विभाग कॅनडातल्या मोठ्या मानसशास्त्र विभागांपैकी आहे, त्यामुळे तिच्याबाबत मला ही भीती वाटत नाही. तिला जर्मन किंवा धर्म-अभ्यास शिकायचा असता तर मी वेगळं लिहिलं असतं.

लहान विद्यापीठ म्हणून सुरक्षित, असंही धरू नका. सडबरीचं लॉरेन्शियन विद्यापीठ, हेही ऑन्टारिओतलंच आणि सार्वजनिक, फेब्रुवारी २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात गेलं. एप्रिलमध्ये एका फटक्यात ६९ अभ्यासक्रम बंद झाले आणि शंभराच्या आसपास प्राध्यापकांची नोकरी गेली. संप मिटतो, वर्ग पुन्हा भरतात. बंद झालेला विभाग पुन्हा उघडत नाही. तुमच्या दुसऱ्या ऑफरच्या विद्यापीठाचे गेल्या दोन-तीन वर्षांचे हिशोब त्याच्या संकेतस्थळावर असतील. त्यांत तूट वाढते आहे का, आणि मानसशास्त्रात कायम प्राध्यापक किती उरले आहेत, एवढं पाहिलं तरी पुरे.

एक बाजू राहिली, ती तुमच्या मुलीला चार वर्षांनी लागेल. एमए-पीएचडीला जाणाऱ्या विद्यार्थ्याने संपाचा इतिहास उलटा वाचायचा असतो, कारण तो स्वतःच टीए होणार असतो आणि त्याचा पगार त्याच करारातून येणार असतो. यॉर्कच्या टीएंना जी आर्थिक हमी आहे ती या संपांमधूनच आलेली आहे. मात्र संपाच्या काळात विद्यापीठ आपल्याच विद्यार्थ्याशी कसं वागतं हेही पाहायला हवं. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठाने २०२३ च्या सुरुवातीला संपावर गेलेल्या टीएंचा आरोग्यविमा आणि फीमाफी थांबवली होती. परदेशी विद्यार्थ्यासाठी हे किती गंभीर आहे ते समजावून सांगायला नको. पीएचडीच्या मुलांना मी म्हणते, भत्त्याचा आकडा तुम्ही पाहालच, तसंच हेही विचारून घ्या.

तर तुमच्या मुलीसाठी माझं मत असं. राखीव पैसे ठेवता येत असतील आणि तिला मानसशास्त्रात संशोधनापर्यंत जायचं असेल, तर यॉर्क घ्या. विभाग मोठा आहे, प्रयोगशाळा भरपूर आहेत, आणि पदवीला असतानाच कुणाच्या तरी संशोधनात शिरायची संधी तिथे जास्त मिळेल. संशोधनाचं अजून काही ठरलेलं नसेल, मुलगी लहान वर्गात खुलणारी असेल आणि दुसऱ्या विद्यापीठाचे हिशोब ठीक निघाले, तर ते घ्या. त्या निर्णयात संपाचा वाटा छोटा असेल आणि तो छोटाच असावा.

ऑफर स्वीकारण्याच्या मुदतीआधी दोन्ही विद्यापीठांना एकच ईमेल पाठवा. त्यात विचारा की टीए आणि कंत्राटी प्राध्यापकांचा करार कधी संपतो, मागच्या संपात पहिल्या वर्षाच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कोणते पर्याय दिले होते, आणि विषय सोडावा लागला तर परदेशी विद्यार्थ्याची फी परत मिळते की पुढे जमा होते. उत्तर किती दिवसांत आणि किती नेमकं येतं, यावरूनच बरंच कळेल. मुलीला तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याशी थेट बोलू द्या, एजंटने जोडून दिलेल्या विद्यार्थ्याशी नको. तिथल्या मराठी मंडळातून कोणी ना कोणी सापडतं. आणि वर्षाची पूर्ण फी आगाऊ भरण्याची सक्ती नसेल, तर आत्ता मागितली आहे तेवढीच भरा.